दहाजणांचे काम



दहाजणांचे काम ते कोणाचेच नव्हे, असे आपण घरोघर ऐकतो. आणि त्याच घरांतून, त्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून, 'गाव करी ते राव न करी' ही म्हणही ऐकतो. दोन्ही वचने अनुभवातून आलेली आहेत आणि दोन्ही परस्परविरुद्ध आहेत. कचेरीत आठ माणसांच्या समितीकडे सोपविलेले काम सहा सहा महिने टेबलावर पडून राहते, आणि एखाद्या खेड्यात तितकीच माणसे एका दिवसात सबंध शेत नांगरून मोकळी होतात. बुद्धीचा मक्ता दोहोंपैकी कोणा एकाकडे आहे असेही नाही. मग एक समूह काम का करतो आणि दुसरा का करीत नाही? या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. आणि तो करताना धाराशिव जिल्ह्यात घडलेल्या एका मोठ्या कामाची हकीकत आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात आले. त्याने दवंडी पिटविली. धाकापोटी प्रत्येकाने घरातील सारे दूध देवळात आणून ओतले. वासरांना राहिले नाही, मुलांना राहिले नाही. तरी गाभारा भरेना. शेवटी आपल्या घरच्यांना तृप्त करून एक म्हातारी आली, तिने खुलभर दूध ओतले आणि गाभारा भरला. कहाणीतील चमत्कार श्रद्धेचा आहे, तो तसाच असू द्यावा. परंतु तीत व्यवहाराचीही एक गोष्ट दडलेली आहे. राजाने माणसे मोजली, घागरी मोजल्या. देणाऱ्याचे मन मोजावयाचे मात्र त्याच्या ध्यानातच आले नाही. आपल्या पुष्कळ कचेऱ्या आणि कारखाने त्या राजाच्याच हिशेबाने चालतात.

हा हिशेब कोठे चुकतो, याचा शास्त्रीय शोध फ्रान्समधील रिंगलमान नावाच्या एका कृषियंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाने घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने माणसांना दोर ओढावयास लावले आणि ओढीचे बळ यंत्राने मोजले. १९१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकेकट्याने ओढताना जे बळ लागते त्याची बेरीज केली, तर आठ माणसांनी मिळून आठपट ओढावयास हवे. प्रत्यक्षात ती जेमतेम चौपट ओढीत होती. म्हणजे निम्मे बळ वाटेतच कोठे तरी नाहीसे झाले. याची कारणे दोन. एक, सर्वांचा झटका एकाच क्षणी बसत नाही, मेळ चुकतो. दुसरे कारण अधिक मौजेचे आहे. १९७४ साली अमेरिकेत हा प्रयोग पुन्हा केला गेला. त्यात माणसाचे डोळे बांधले आणि मागे आणखी माणसे ओढीत आहेत असे त्याला भासविले; वस्तुतः मागे कोणीच ओढीत नव्हते. तरीही त्याचा जोर कमी झाला. मेळ चुकावयास दुसरे कोणी नव्हतेच, तेव्हा उरली ती केवळ मनाची ढिलाई. मराठीत आपण याला अंग चोरणे म्हणतो. पुढे असेही आढळून आले की, प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येईल अशी व्यवस्था केली की हे अंग चोरणे जवळजवळ थांबते. तेव्हा माणूस स्वभावतःच कामचुकार आहे असे नव्हे. आपला वाटा कोणाला दिसत नाही, असे वाटले की त्याचा हात सैल पडतो.

आमच्या शेतकऱ्याला हे पुस्तकावाचून कळले होते. मराठवाड्यात व अन्यत्र सावड म्हणून एक चाल आहे. आज तू माझ्या शेतात बैल घेऊन ये, उद्या मी तुझ्या शेतात येईन, असा तो करार. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही. तरी तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, याचे कारण त्यातली माणसे थोडी असतात, एकमेकांना ओळखतात, आणि कोणी किती तास घातले हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. इर्जिकीत तर ज्याचे शेत त्याने जेवण घालावयाचे आणि बाकीच्यांनी आपापली औते घेऊन एका दिवसात काम उरकावयाचे. तेथे कोणाचा नांगर मागे राहिला हे बांधावरचे पोरही सांगू शकते.

परंतु सावड ही ओळखीच्या माणसांची, ओळखीच्या कामाची गोष्ट झाली. काम नवे असेल, माणसे अनोळखी असतील, आणि चुकीची किंमत जिवाने मोजावी लागणार असेल तर काय करावयाचे? ही कसोटी धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला, १९९३ साली द्यावी लागली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४ च्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन करून दमलेली माणसे घरात निजली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या गावांची नावे त्या दिवशी देशभर झाली. सुमारे ८ ते १० हजार माणसे दगावली. ५२ गावे जवळजवळ पुरती उद्ध्वस्त झाली. धक्क्यापेक्षा घरांनीच अधिक माणसे मारली, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. तिकडची माळवदी घरे बाहेरून मोठी भक्कम दिसत. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया, आणि तुळयांवर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा जाड थर. पण त्या भिंतीचे दोन पदर असत, एक आतला आणि एक बाहेरचा. मध्ये कपऱ्या आणि चिखल. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. जमीन हालताच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि माथ्यावरची मणावारी माती निजलेल्या माणसांवर आली.

अगदी उद्ध्वस्त झालेली गावे शासनाने नव्या जागी वसविली. त्यांची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. तितकी प्रसिद्धी न मिळालेले काम दुसरेच होते. ज्या गावांत घरे पडली नव्हती पण दुभंगली होती, तेथील सुमारे २ लाख घरे दुरुस्त व बळकट करावयाची होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने आखलेल्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमात हे काम कंत्राटदारांकडे न देता घरमालकांकडेच सोपविले गेले. पैसा हप्त्याहप्त्याने शासनाने द्यावयाचा, तांत्रिक सल्ला अभियंत्यांनी द्यावयाचा, आणि घर ज्याचे त्याने उभे करावयाचे.

कागदावर ही योजना उत्तम होती. पण तिच्यात एक गाठ अडकली होती. नियम अधिकाऱ्यांना ठाऊक होते. भिंत कशी बांधावी याचे शास्त्र अभियंत्याजवळ होते. दगड बसविण्याचे कसब गवंड्याच्या हातात होते. आणि कोणती भिंत कलली आहे, कोणत्या घरात विधवा बाई एकटी राहते, कोणाच्या घराचा उतारा अजून मयत सासऱ्याच्या नावावर आहे, ही सारी माहिती घरातील बाईला होती. कामाला लागणारे सर्व ज्ञान गावातच किंवा गावाजवळच होते. मात्र ते चार ठिकाणी विभागलेले होते आणि एका ठिकाणचे दुसरीकडे जावयास वाट नव्हती. सरकारी मनुष्य गावात येई तो सरपंचाशी व चार प्रतिष्ठितांशी बोलून परत जाई. घराघरांतील बायकांपर्यंत आपला हक्क काय, हप्ता केव्हा मिळावयाचा, आणि मिळाला तर त्यातून आधी काय करावयाचे, हे पोहोचतच नसे. काम सुरुवातीस रेंगाळले त्यात आश्चर्य नाही.

या ठिकाणी शासनाने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे साहाय्य घेतले. प्रेमा गोपालन या तिच्या प्रमुख होत्या. २०२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी सुचविलेला उपाय वरवर पाहता अगदी साधा होता. प्रत्येक गावातील महिला मंडळातून बायका निवडून त्यांना 'संवाद सहायक' नेमावे. अशा संवाद सहायक हजाराहून अधिक गावांत काम करू लागल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी त्यापूर्वी ग्रामसभेत उभ्या राहून बोललेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे हुकूम देण्याचा अधिकार नव्हता आणि पैशाची किल्लीही नव्हती. त्यांचे काम एवढेच, की शासनाचे म्हणणे घराघरांत न्यावयाचे आणि घराघरांतील अडचण शासनाकडे न्यावयाची. गावात बैठक, मग तालुक्याला बैठक, मग जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक, अशी पायरी बांधून दिली होती. अमक्या गावात हप्ता अडला आहे, तमक्या गावात सिमेंट पोहोचले नाही, अभियंता महिन्यात फिरकला नाही, ही गाऱ्हाणी आता ज्याला ती सोडविता येतील त्याच्या कानावर जाऊ लागली.

पुढे निरोप पोहोचविणाऱ्या या बायका स्वतःच बांधकामातील खाचाखोचा शिकल्या. भिंतीत आरपार दगड का हवेत, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरका आधार का द्यावयाचा, माळवदावरची माती का उतरवावयाची, हे त्या शेजारणींना समजावून सांगू लागल्या. हे लहान काम नव्हते. भूकंपाने लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. पुष्कळांना जुनी भिंत बळकट करण्यापेक्षा त्या पैशात एक नवी खोली बांधावी असे वाटे, आणि तसे पुष्कळांनी केलेही. अशा वेळी वरून काढलेल्या परिपत्रकापेक्षा, जिचे स्वतःचे घर दुभंगले आहे त्या शेजारणीचा शब्द अधिक मोलाचा ठरतो. शिवाय दिवसभर बांधकामावर नजर कोण ठेवणार? पुरुष शेतावर किंवा मजुरीवर, घरी बाईच. गवंड्याने आरपार दगड घातला की नुसताच गिलावा करून भेग झाकली, हे तिलाच दिसणार. आणि पुढचा धक्का बसला तर त्या भिंतीखाली तिचीच मुले निजलेली असणार.

या हकीकतीतून समूहाच्या कामाविषयी काय निष्पन्न होते, ते आता पाहू.

पहिली गोष्ट अशी की, समूहाचे खरे बळ हातांच्या संख्येत नसून निरनिराळ्या माणसांजवळचे ज्ञान एकत्र येण्यात आहे. ती माळवदी भिंत दिसावयास एक होती, पण तिचे दोन पदर जोडलेले नव्हते, म्हणून ती कोसळली. शासन आणि गाव यांचेही तसेच दोन पदर होते; संवाद सहायकांनी आरपार दगडाचे काम केले. आपल्या कचेरीत वरच्या मजल्यावरील साहेब आणि खिडकीवर लोकांना तोंड देणारा कारकून यांच्यामध्ये असा एखादा दगड आहे काय, हे ज्याने त्याने पाहावे. साहेबास नियम ठाऊक असतो. नियम कोठे टोचतो ते कारकुनास ठाऊक असते.

दुसरी गोष्ट, बोलण्याची वाट दोन्ही बाजूंनी हवी. वरून खाली जाणारा शब्द सर्वत्र असतो. त्याला हुकूम म्हणतात. खालून वर जाणारा शब्द क्वचित असतो, आणि तो असला तरी त्यात चूक, उणीव किंवा तक्रार असल्यामुळे तो ऐकणाऱ्यास कडू लागतो. हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमन्सन यांनी १९९० नंतरच्या दशकात इस्पितळांतील परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला. औषधे देण्यात चांगल्या तुकड्यांच्या हातून कमी चुका होत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आढळले ते उलटेच. चांगल्या तुकड्यांत चुकांची नोंद अधिक होती. खोलात जाता कळले की, चुका तेथे अधिक होत नव्हत्या, त्या निर्भयपणे सांगितल्या जात होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. सांगितलेली चूक सुधारता येते. झाकलेली चूक गिलाव्याखालच्या भेगेसारखी वाढत राहते.

तिसरी गोष्ट, बैठकीत बोलण्याचा वाटा सर्वांना मिळाला पाहिजे. २०१० साली अमेरिकेतील काही संशोधकांनी लहान लहान गटांना निरनिराळी कोडी व कामे देऊन पाहिले. गटात फार बुद्धिमान माणसे असली म्हणून गट फार चांगला ठरला, असे दिसले नाही. ज्या गटात एकदोघेच बोलत राहिले तो मागे पडला. ज्यात सर्व जण पाळीपाळीने बोलले आणि एकमेकांच्या चेहऱ्यावरील भाव ओळखू शकले तो पुढे गेला. आपल्याकडच्या सभांत अध्यक्ष आधी बोलतात आणि मग सर्वांचे मत विचारतात. त्यानंतर कोणाला मत उरतच नाही. सर्वांत कनिष्ठ असेल त्याला प्रथम बोलू द्यावे आणि वडिलांनी शेवटी बोलावे, एवढा एक फेरफार केला तरी पुष्कळ सभांचे तेज वाढेल.

चौथी गोष्ट हिशेबाची. गृहदुरुस्तीचे काम संपल्यावर या बायकांचे गट मोडले नाहीत. पुष्कळ ठिकाणी ते बचत गटांच्या रूपाने चालू राहिले. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला होता, त्याचाही त्यांना आधार मिळाला. बचत गटात साधारणतः १० ते २० बायका असतात, आणि हा आकडा विचार करण्याजोगा आहे. वीसजणी एकमेकींना नावाने ओळखतात, प्रत्येकीची अडचण जाणतात, आणि कोणी हप्ता चुकविला तर ते लपत नाही. बैठकीचा दिवस ठरलेला, वहीत हजेरी, सर्वांदेखत पैसे मोजणे, सर्वांदेखत कर्जाचा निर्णय. दोर ओढण्याच्या प्रयोगातून जो धडा मिळाला तोच येथे रोजच्या व्यवहारात उतरला आहे. प्रत्येकीचा वाटा दिसतो, म्हणून कोणी अंग चोरीत नाही. आणि हिशेब उघडा असतो, म्हणून कोणाविषयी संशय राहत नाही. समूह मोडण्याचे कारण पुष्कळदा पैशाची तूट हे नसते, पैशाविषयीचा संशय हे असते.

पाचवी गोष्ट अशी की, एकदा मिळून काम करण्याची सवय लागली म्हणजे ती पुढच्या कामास उपयोगी पडते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या खेडवळ बायका तिकडे गेल्या आणि घर कसे उभारावे, हक्क कसा मागावा, हे तेथील बायकांना सांगू लागल्या. २००४ सालच्या सुनामीनंतर त्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेल्या. भाषा निराळी, पण जिचे घर गेले तिच्याशी बोलावयास फारशी भाषा लागत नाही. पुढे २०१२ नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत धाराशिव जिल्ह्यातील बायकांनी घरच्या शेतातील अर्धा-एक एकर आपल्या हाती मागून घेतला आणि नगदी पिकाऐवजी तेथे घरच्या पोटाला लागणारे धान्य, कडधान्य व भाजीपाला कमी पाण्यावर पिकविला. या कामासाठी स्वयं शिक्षण प्रयोगाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. नवऱ्याकडे एक एकर मागणे हे ग्रामसभेत बोलण्यापेक्षा अवघड काम आहे. एकटीला ते जमले नसते. गल्लीतल्या दहाजणी तेच मागत आहेत असे दिसले, तेव्हा जमले.

याचा अर्थ समूह म्हणजे सर्व रोगांवर औषध, असे मात्र नव्हे. समूहालाही स्वतःचे विकार आहेत. एखादी तोंडाळ व्यक्ती सारा गट आपल्या मुठीत घेते. बाकीचे संकोचाने माना डोलवितात, आणि मग त्या एकाच्या चुकीवर वीसजणांची सही असते. कधी समूहाच्या नावाखाली सरकार किंवा संस्था आपले काम बायकांवर ढकलते, मोबदला मात्र देत नाही. घरचे, शेतातले आणि वर गावाचे, असे तिहेरी ओझे वाहणाऱ्या बाईची केवळ स्तुती करून भागत नाही. आणि हेही ध्यानात ठेवावे की, अभियंत्याचे काम समूह करू शकत नाही. भिंतीचे शास्त्र मतदानाने ठरत नाही. जाणकाराने जाणकाराचे काम करावयाचे. समूहाने ते काम योग्य घरापर्यंत, योग्य वेळी आणि योग्य रीतीने पोहोचते की नाही ते पाहावयाचे. ही मर्यादा जो समूह ओळखतो तो टिकतो.

शहरातील श्रोत्यांस वाटेल, की आमच्याकडे ना भूकंप, ना माळवद. या हकीकतीचा आम्हांला काय उपयोग? उपयोग आहे. पुढच्या वेळी आपल्या कचेरीची, शाळेची किंवा गृहनिर्माण संस्थेची बैठक भरेल तेव्हा चार प्रश्न मनाशी विचारावेत. उठण्यापूर्वी कोणी काय आणि केव्हापर्यंत करावयाचे, हे नावानिशी ठरले काय? ज्याला कामाची सर्वांत जवळून माहिती आहे त्याला बोलावयास मिळाले काय? चूक झाली तर ती सांगावयास कोणी भीत तर नाही ना? आणि हिशेबाची वही कोणालाही, केव्हाही पाहता येते काय? यांतील एकाचे जरी उत्तर नकारार्थी आले, तरी माणसे वाढवून काही साधणार नाही. आठांच्या जागी सोळा नेमल्यास अंग चोरणारे मात्र दुप्पट होतील.

'गाव करी ते राव न करी' ही म्हण खरीच आहे. परंतु गाव म्हणजे नुसती गर्दी नव्हे. ज्याचा वाटा त्याला ठाऊक आहे, ज्याचे म्हणणे ऐकले जाते आणि ज्याचा हिशेब उघडा आहे, अशा माणसांच्या मेळाव्याला गाव म्हणावयाचे. धाराशिवच्या बायकांनी दुभंगलेल्या भिंती सांधता सांधता असे गाव घडविले. आपल्या कामाच्या जागी तसे गाव घडविणे आपल्याला अशक्य आहे, असे मला वाटत नाही.